सुप्यापर्यंत आलेले जग

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्या सरांनी सारी हयात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवण्यात घालवली. म्हणून विषय निवडताना मला फार शोधावे लागले नाही. माध्यमिक शाळेत देशाचा आणि जगाचा इतिहास कसा शिकवावा, हाच आजचा विषय. मला काय म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. हे दोन इतिहास आपण निरनिराळ्या इयत्तांत आणि निरनिराळ्या पुस्तकांत वाटून टाकले, आणि त्यात दोघांचेही नुकसान केले. जगापासून तोडलेला देशाचा इतिहास हा आपल्याच अंगणातल्या पराक्रमांची आणि भांडणांची यादी होऊन बसतो. गावापासून तोडलेला जगाचा इतिहास परक्यांच्या सनावळ्या होतो. मूल त्या पाठ करते आणि पेपर झाला की त्याच दुपारी विसरते.

आपल्या पुस्तकांचा क्रम आठवून पाहा. चौथीत शिवछत्रपती, सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग, आठवीत इंग्रजी अंमल आणि स्वातंत्र्यलढा, नववीत १९६० नंतरचा भारत. २०१८ पूर्वी दहावीच्या पुस्तकात साम्राज्यवाद, पहिले महायुद्ध, रशियन राज्यक्रांती, दुसरे महायुद्ध असा जगाचा इतिहास होता. २०१८ साली ते पुस्तक बदलले. आजच्या दहावीत इतिहासलेखनाची परंपरा, उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन हे धडे आहेत. जगाचा इतिहास गेला तो कला शाखेच्या बारावीत.

पण दहावीनंतर किती मुले इतिहासाकडे वळतात? विज्ञान, वाणिज्य, आयटीआय, डिप्लोमा या वाटांनी गेलेल्यांच्या आयुष्यात इतिहासाचा तास पुन्हा येत नाही. पुढे ती इंजिनिअर होतात, शेती करतात, ट्रक चालवतात, दुबईला जातात, नगरसेवक होतात, मतदान तर सगळीच करतात. जगाविषयी त्यांना शाळेतून जे मिळायचे ते पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंतच. एवढ्यासाठी मी माध्यमिक शाळेचा आग्रह धरतो. विद्यापीठात काय शिकवतात हा प्रश्न त्या मानाने लहान आहे.

आजचे दहावीचे पुस्तक मला टाकाऊ वाटत नाही. इतिहास कसा लिहितात हे मुलांना सांगावे, हा विचार धाडसाचा आणि चांगला आहे. पण वर्गात त्याचे काय होते? व्हॉल्टेअर, रांके, फुको ही नावे मुले 'चुकीची जोडी ओळखा' या प्रश्नासाठी पाठ करतात. फुकोच्या ग्रंथाचे नाव बरोबर लिहिणाऱ्या मुलीने साधनाची छाननी म्हणजे काय, हे स्वतःच्या हाताने एकदाही केलेले नसते. हातात कागद नाही आणि चिकित्सेची व्याख्या मात्र तोंडपाठ, अशी आपण मुलांची स्थिती करून ठेवली आहे.

मग करायचे काय? याचे उत्तर मी एका गावाच्या आधारे देणार आहे, आणि त्या गावाला आज बराच वेळ देणार आहे.

ते गाव म्हणजे बारामती तालुक्यातले सुपे. हे नाव चौथीतल्या मुलालाही ठाऊक असते. शहाजीराजांची जहागीर पुणे-सुप्याची, संभाजी मोहित्यांकडचे सुपे शिवाजी महाराजांनी घेतले, हे त्याने वाचलेले असते. त्यानंतर सुपे पाठ्यपुस्तकातून जवळजवळ नाहीसे होते. आठवीत कधी एका ओळीत परत आलेच तर 'दख्खनचे दंगे, १८७५' एवढ्यापुरते. त्या एका ओळीत केवढे जग दडले आहे ते पाहू.

१२ मे १८७५ रोजी सुप्यात आसपासच्या गावांचे शेतकरी जमले. सुपे हे बाजाराचे गाव, सावकारांची दुकाने तिथे पुष्कळ. लोकांनी दुकानांना आणि घरांना वेढा घातला आणि मागणी केली ती वह्यांची आणि कर्जखतांची. हाती लागली ती खते त्यांनी जाळली. काही ठिकाणी धान्य लुटले गेले, घरे पेटली, पण रोख मुख्यतः कागदावर होता. त्याआधी, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातल्या करड्यात गावकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार टाकला होता. सुप्यानंतर लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरले. सरकारला लष्कर बोलवावे लागले.

आता वर्गात पहिला प्रश्न उभा करायचा: माणसे कागद का जाळतात? नववीतला मुलगा हा प्रश्न सहज सोडवू लागतो, कारण सातबारा आणि सोसायटीचे कर्ज त्याने घरी ऐकलेले असते. त्या काळी सावकाराचे खत कसे चाले, ते त्याला फळ्यावर मांडून दाखवावे. शेतकऱ्याने शंभर रुपये घेतले. सरकारने १८५९ साली मुदतीचा कायदा केला: खताचा दावा तीन वर्षांच्या आत लावायचा. हेतू हा की व्याज फार साचू नये. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेऊ लागला, आणि मागचे न फिटलेले व्याज नव्या खतात मुदलात मिळवू लागला. ज्याला अक्षर येत नाही तो शेतकरी अंगठा देत गेला. शंभराचे किती झाले, हे मुलांनाच वहीत करू द्यावे. चक्रवाढ व्याजाचे गणित त्यांना आलेलेच असते. ते एका कुटुंबाची जमीन कशी गिळते, हे मात्र गणिताच्या तासाला कुणी सांगितलेले नसते.

एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलाने घरच्या पेटीतला मोडी लिपीतला कागद आणला होता. वर्गात कुणालाच तो वाचता येईना. मुले तो उजेडात धरून पाहत होती, खालची निशाणी दाखवत होती, 'हा अंगठा आहे का?' असे विचारत होती. पुढे जाणकाराकडून तो वाचून घेतला, तेव्हा ते जमिनीच्या गहाणाचे खत निघाले. त्या आठवड्यात त्या वर्गाने मला जेवढे प्रश्न विचारले तेवढे एरवी वर्षभरात कुणी विचारत नाही. जिल्ह्यात मोडी वाचणारी माणसे आजही आहेत. शाळेने त्यांना बोलवावे, एवढेच माझे म्हणणे.

कर्ज का वाढले, हा दुसरा प्रश्न. इथे वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगायला लागतो.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई, आणि तो गुलामांच्या श्रमावर पिकलेला असे. तो थांबताच लँकेशायरचे माग बंद पडू लागले आणि साऱ्यांच्या नजरा मुंबईकडे वळल्या. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस मिळेल त्या भावाने उचलला जाऊ लागला. मुंबईत भाव इतके चढले की लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूस विकला, असे सांगतात. पैशाचा पूर आला. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअर्सचा सट्टा झाला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळाचे सर्वांत मोठे नाव. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांनी तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव आहे. मुंबईच्या सहलीत मुले त्या टॉवरखाली फोटो काढतात. त्याच्या दगडांमध्ये अमेरिकेतल्या लढाईचा पैसा आहे, हे त्यांना तिथेच सांगावे.

तेजीत गावोगावी पत वाढली. मुंबईचा व्यापारी गावच्या सावकाराला उचल देई, सावकार शेतकऱ्याला. कापसाखालच्या दर एकराला शंभर रुपये उचल मिळाल्याची नोंद आहे. १८६० ते १८६४ या काळात मुंबई दख्खनमध्ये कापसाखालचे क्षेत्र दुप्पट झाले. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. भाव कोसळले, त्याच वर्षी जुलैत मुंबईचा शेअर बाजार बुडाला, बँका धोक्यात आल्या. व्यापाऱ्याने सावकाराचा हात सोडला, सावकाराने शेतकऱ्याचा. आणि नेमक्या याच सुमाराला जुन्या तीस वर्षांच्या जमीनधाऱ्याची मुदत संपत होती. नवी आकारणी झाली ती तेजीचे दिवस डोळ्यांपुढे ठेवून. धारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला. उत्पन्न घटलेले, धारा वाढलेला आणि नवी उचल बंद. सुप्याच्या बाजारातली आग या तिन्हींतून पेटली.

इथे शिक्षकाने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुणे-नगर भागात कापूस खानदेश-वऱ्हाडाइतका कधीच नव्हता. म्हणून या दंग्यांमध्ये कापसाच्या तेजी-मंदीचा वाटा किती, धाऱ्याचा किती आणि सावकारीचा किती, यावर इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत. ते मुलांपासून लपवू नयेत. पंधरा वर्षांच्या मुलाला तिन्ही कारणांचे वजन स्वतः करू द्यावे, आणि त्याने धाऱ्याला जास्त दोष दिला, दुसऱ्याने सावकाराला दिला, तर दोघांनाही 'का?' विचारावे. 'सकारण स्पष्ट करा' हा प्रश्न आपल्या प्रश्नपत्रिकेत असतोच. पण त्याचे कारण गाइडमध्ये आधीच छापून ठेवलेले असते, आणि विचार तिथेच संपतो.

सुप्यातले सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती होते. हे वर्गात सांगताना शिक्षकाने फार जपून बोलावे. त्या समाजांची मुले आपल्याच बाकांवर बसलेली असतात. राग कागदावर का होता, सावकार स्वतः मुंबईच्या पतीवर कसा टांगलेला होता, आणि सरकारी न्यायालये व धारा यांनी त्याच्या हाती कोणते हत्यार दिले, हे नीट उलगडले तर जातीवर बोट ठेवून मोकळे होण्याचा सोपा मार्ग बंद होतो. अर्धवट शिकवलेला इतिहास मात्र नेमका त्याच मार्गाने जातो.

याच धड्याला मी सुप्यापासून फार दूरच्या दोन जागा जोडतो. पहिली इजिप्त. त्याच युद्धामुळे नाईलच्या खोऱ्यात कापूस वेड्यासारखा वाढला, खेदिव इस्माईलने युरोपातून भरमसाट कर्जे काढली, भाव पडले आणि १८७६ मध्ये इजिप्तचे सरकार दिवाळखोर झाले. १८८२ मध्ये इंग्रजी फौजा तिथे उतरल्या. दुसरी जागा खुद्द अमेरिकेची दक्षिण. १८६५ मध्ये गुलामी कायद्याने संपली, पण मुक्त झालेल्या माणसांना जमीन मिळाली नाही. ती वाट्याने जमीन कसू लागली, बी-बियाणे आणि धान्य दुकानदाराकडून उधारीवर घेऊ लागली, आणि पीक निघण्याआधीच ते दुकानदाराकडे गहाण पडू लागले. दुकानदाराची वही तिथेही होतीच. सुप्याचा शेतकरी, नाईलकाठचा शेतकरी आणि मिसिसिपीकाठचा माजी गुलाम यांची कधी भेट झाली नाही, पण तिघांच्या डोक्यावरची उधारी एकाच बाजाराने ठरवली. देशाचा आणि जगाचा इतिहास एका तासात बसतो तो असा.

हा धडा शिकवताना एका मुलीने विचारले होते, "म्हणजे सर, अमेरिकेतले गुलाम सुटले म्हणून आपले शेतकरी बुडाले का?" वर्ग एकदम गप्प झाला. असा प्रश्न आला की धडा लागला, असे मी मानतो. उत्तर घाईने देऊ नये. गुलामी संपणे हे न्यायाचे होते, यात शंका नाही. पण तिच्या जोरावर उभा राहिलेला व्यापार मोडताना त्याचा भार कुणाच्या खांद्यावर टाकला गेला, हा प्रश्न उरतोच. लँकेशायरचे मालक, मुंबईचे सटोडिये आणि लंडनचे सरकार यांनी तो भार खाली ढकलला, आणि सर्वांत खाली सुप्याचा कुणबी होता.

आता त्याच वर्गात, त्याच आठवड्यात, दुसरे पुस्तक उघडायचे. १८७३ साली, म्हणजे सुप्याच्या दोन वर्षे आधी, महात्मा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले. या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना आहे. निग्रोंना गुलामीतून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल जोतीरावांनी त्यांना ते अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी हा आदर्श घ्यावा अशी इच्छा व्यक्त केली. पुण्यात बसून, अमेरिकेत पाऊल न ठेवता, या माणसाने तिथल्या घटनेत आपल्या समाजाचे दुखणे ओळखले. त्यांनी थॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले होते. मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा त्यांना मिळाली ती अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांच्या शाळेवरून. जग त्यांच्याकडे पुस्तकांतून, मिशनऱ्यांतून आणि बातम्यांतून आले, आणि त्याचे त्यांनी काय केले ते सारा महाराष्ट्र जाणतो.

एकच अमेरिकन युद्ध महाराष्ट्रात दोन वाटांनी आले. कापसाच्या बाजारातून आले तेव्हा शेतकरी कर्जात रुतला. विचारांच्या वाटेने आले तेव्हा 'गुलामगिरी' लिहिले गेले. आपल्या पुस्तकांत यादवी युद्ध एका इयत्तेत, फुले दुसऱ्या इयत्तेत आणि दख्खनचे दंगे तिसऱ्याच कोपऱ्यात असतात. मुलांनी हे जोडायचे कसे?

साधनांची छाननीही याच धड्यात शिकवता येते. दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. त्यात सावकाराच्या लबाडीविषयी खूप आहे, आणि धाऱ्याला मुख्य दोष द्यायला आयोग तयार नाही. हा अहवाल कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, हे मुलांनी विचारावे. मग १८८३ चे 'शेतकऱ्याचा असूड' पुढे ठेवावे. तिथे जोतीराव सरकारी कामगार, सावकार आणि भटशाही या साऱ्यांना जबाबदार धरतात. दोन साधने, एकच शेतकरी, दोन निष्कर्ष. व्हॉल्टेअर आणि रांके यांची नावे यानंतर सांगावीत; आता त्यांना काही अर्थ असेल. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला, तो या साऱ्याचा शेवट. आणि मला फार मोलाची वाटणारी आणखी एक गोष्ट: पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही १८७५ मध्येच. खेड्यात खते जळत होती त्याच वर्षी शहरात लोक ऐकायला आणि विचार करायला एकत्र बसू लागले. आज आपण जिथे बसलो आहोत ती परंपरा तिथूनच आली.

दुसरी उदाहरणे मी थोडक्यात सांगतो.

पानिपत मराठी मुलांच्या काळजाजवळचे. तारीख १४ जानेवारी १७६१. त्याच आठवड्यात दक्षिणेत, महिनोन्महिन्यांच्या वेढ्यानंतर, फ्रेंचांचे पुदुच्चेरी इंग्रजांनी घेतले. इंग्रज आणि फ्रेंच त्या वेळी युरोपात, कॅनडात, वेस्ट इंडिजमध्ये आणि भारतात एकच युद्ध लढत होते, त्याला सप्तवार्षिक युद्ध म्हणतात. उत्तरेत मराठ्यांचे बळ खचले, दक्षिणेत फ्रेंचांचा आधार तुटला. पुढच्या दशकात कंपनीला मोकळे मैदान का मिळाले, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसू लागते. भाऊसाहेब आणि विश्वासराव यांच्यासाठी आपण रडतो, ते रडावेच. पण पुदुच्चेरीचा पाडाव कळल्याशिवाय पानिपताचा परिणाम पुरता कळत नाही.

साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या काही गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, साल १९१४ ते १९१९. मुले रोज तिच्याखालून जातात. मराठा पलटणीतली ही माणसे मेसोपोटेमियात लढली. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या सैन्यातही मराठा पलटण होती. त्या सैन्याने १९१६ च्या एप्रिलमध्ये शस्त्रे खाली ठेवली, तोवर सैनिकांचे अन्नावाचून हाल झाले होते. दुसऱ्या महायुद्धात माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महायुद्धांचा धडा साराजेव्होच्या गोळीने सुरू करण्याऐवजी गावातल्या पाटीपासून सुरू केला तर? पाटीपासून साराजेव्होला जाता येते, आणि मुले येतात.

प्लेगही असाच. रँडचा खून आपण शिकवतो, चापेकर शिकवतो, आणि सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या हेही सांगतो. तो प्लेग १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये होता आणि तिथेच त्याचा जंतू सापडला, तो जहाजांच्या वाटेने मुंबईत पोचला, आणि त्यावरची लस हाफकिन यांनी मुंबईतच तयार केली, हे मात्र इतिहासाच्या तासाला येत नाही. करोनाच्या वर्षांत घरात कोंडल्या गेलेल्या मुलांना हा धडा किती जवळचा वाटला असता!

नववीसाठी माझे आवडते उदाहरण १९७२ च्या दुष्काळाचे आहे. याला ना किल्ला लागतो ना दप्तरखाना. आजी-आजोबा पुरतात. मुलांना घरचा अभ्यास द्यावा: बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही काय खाल्ले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून या. उत्तरे येतात ती सुकडीची, खडी फोडण्याची, आणि मिलोची. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी लाल होई, गळ्याखाली उतरत नसे, रेशनच्या दुकानापुढे तरीही रांगा लागत. एखादी आजी ती भाकरी कशी थापली, कशी तुटे, हे हाताने करून दाखवते, आणि नातवाच्या वहीत ते पहिल्यांदा लिहिले जाते.

मग शिक्षकाने विचारावे की ही ज्वारी अमेरिकेतून का आली, आणि त्या साली धान्य इतके दुर्मीळ का होते. पाऊस आपल्याकडे पडला नाही हे खरे. पण १९७२ मध्ये सोव्हिएत संघातही पीक बुडाले होते, आणि त्याने अमेरिकेच्या बाजारातून प्रचंड धान्य उचलले. जगभर भाव भडकले. आपल्यासारख्या देशाला धान्य घेणे जड गेले. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, त्याच सोव्हिएत संघाने भारताला वीस लाख टन गहू उसना दिला. शीतयुद्ध म्हणजे काय, अलिप्ततावाद म्हणजे काय, हे या दोन व्यवहारांतून जितके समजते तितके व्याख्येतून समजत नाही. त्याच दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने ती कल्पना देशभर नेली. गावच्या पाझर तलावापासून मॉस्कोपर्यंत आणि तिथून दिल्लीच्या संसदेपर्यंत सगळे त्या लाल भाकरीला जोडता येते.

यावर शिक्षकांची एक अडचण मी रोज ऐकतो: पोर्शन कधी संपवायचा? इतिहास-राज्यशास्त्राला चाळीस गुण, आठवड्याला मोजके तास, त्यात निवडणुकीची ड्यूटी, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे. ही तक्रार खरी आहे आणि तिची थट्टा मला सहन होत नाही. ज्या शिक्षकाला आपण दहा कामांना जुंपतो त्याच्याकडून नवलाई मागणे अन्याय आहे. म्हणून मी सगळा अभ्यासक्रम बदला असे म्हणत नाही. वर्षाला दोन धडे असे शिकवा, एक सहामाहीआधी आणि एक नंतर. बाकीचे नेहमीसारखे. ज्या वर्गाने दोन धडे असे शिकले तो बाकीच्या धड्यांनाही प्रश्न विचारू लागतो.

दुसरा आक्षेप पालकांचा. जगाचे दाखवत बसलात तर मुलांना आपल्या इतिहासाचा अभिमान कुठून येणार, असे ते विचारतात. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांचे देशावर प्रेम असते, म्हणून मी तो गंभीरपणे घेतो. पण अभिमान कशाचा? सुप्याच्या अशिक्षित शेतकऱ्यांनी आपल्याला बांधणारी गोष्ट कोणती हे ओळखले, आणि सावकाराच्या अंगावर जाण्यापेक्षा मुख्यतः कागदावर हात टाकला, याचा मला अभिमान आहे. फुल्यांनी परक्या देशातल्या दलितांशी नाते जोडले, याचाही आहे. जग शेजारी ठेवल्यामुळे हा अभिमान वाढतो. जगाचा इतिहास म्हणजे फक्त युरोपही नव्हे, हेही इथेच सांगतो. इजिप्त, जपान, व्हिएतनाम, केनिया यांची नावे मुलांना क्रिकेट किंवा सिनेमातून कळावीत आणि इतिहासातून कळू नयेत, हे आपल्याला शोभत नाही. त्यांचा आणि आपला अनुभव एकाच जातीचा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यात नवे अभ्यासक्रम आणि नवी पुस्तके होत आहेत. त्या समित्यांपर्यंत माझे म्हणणे पोचले तर बरेच आहे: माध्यमिकच्या दोन्ही वर्षांत जगाच्या घडामोडी देशाच्या धड्यातच गुंफाव्यात, आणि प्रत्येक जिल्ह्याला आपले एक प्रकरण लिहिण्याची मोकळीक द्यावी. धुळे-जळगावने कापूस लिहावा, सोलापूरने गिरण्या, रत्नागिरीने सैनिक आणि मुंबईला गेलेले गिरणी कामगार, वसईने पोर्तुगीज.

पण पुस्तकांची वाट पाहण्याची गरज नाही. या ग्रंथालयात पुणे जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटिअर आहे. त्यात दख्खनच्या दंग्यांचा सविस्तर वृत्तान्त आहे. तो इंग्रजीत आहे, मुलांना झेपणार नाही. त्यातले सुप्याचे पान मराठीत आणून, शेजारी 'असूड'मधला त्याच विषयाचा भाग ठेवून, आठ-दहा पानांची एक पुस्तिका करता येईल. मोडी जाणणाऱ्या दोघांशी मी बोललो आहे. एखाद्या जुन्या खताचे लिप्यंतर करून द्यायला ते तयार आहेत. जागा द्यायला ग्रंथालयाची मान्यता आहे. या कामाला वेळ देऊ शकतील अशा शिक्षकांनी आज जाण्याआधी कार्यवाहांच्या टेबलावरच्या वहीत नाव आणि शाळा लिहून द्यावी. आणि मुलांनो, घरी पेटीत, माळ्यावर, देवघराच्या फळीवर असा एखादा जुना कागद असेल तर त्याला हात लावण्याआधी आजीला विचारा, आणि ती हो म्हणाली तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून शाळेत आणा. घडी उलगडू नका, तिथे आपण मिळून उलगडू.